न्हाणीघर कुठं बांधायचं?

कोकणातलं जुनं घर पाहुण्यांसाठी उघडायचं ठरलं की घरातली मंडळी आधी खोल्या मोजायला लागतात. ओटीच्या डावीकडची एक, माडीवरच्या दोन, बाळंतिणीची खोली आता रिकामीच असते ती चौथी. मोजायला हव्यात त्या खरं तर न्हाणीघराच्या जागा. जांभ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेलं शंभर-सव्वाशे वर्षांचं घर माणसांच्या गर्दीनं खचत नाही. अशी घरं एकेकाळी तीस-तीस माणसं सांभाळून उभी होती. ते खचतं पाण्यानं. आणि निवास-न्याहारीचा व्यवसाय म्हणजे, पितळी भांडी, झोपाळा नि रांगोळी बाजूला ठेवली तर, एका कोरड्या घरात रोज हजार-दोन हजार लिटर पाणी आणून सोडणं.

बांधणाऱ्यांना पाण्याचं हे वागणं पक्कं ठाऊक होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. म्हणून घराची सगळी रचनाच पाणी दूर सारणारी. जोतं दोन-तीन फूट उंच. छप्पर चहूबाजूंनी पडव्यांवर उतरलेलं, त्यामुळं पडवी भिजते पण माजघराच्या भिंतीवर पावसाचा थेंबही येत नाही. पागोळ्या भिंतीपासून चांगल्या हातभर पुढं पडतात, आणि त्या पडतात तिथं दगडी पाट असतो. वापराचं पाणी तर पूर्ण मागच्या दारी : विहीर, दोण म्हणजे पाणी साठवायचं दगडी कुंड, न्हाणी, भांडी घासायची जागा, सगळं परसात, उताराच्या बाजूला, आणि तिथलं सांडपाणी अळवाच्या नि केळीच्या मुळाशी. शौचकूप त्याहून पलीकडं. घराच्या पोटात पाणी म्हणजे स्वयंपाकघरातला हंडा-कळशी आणि देवघरातला तांब्या, एवढंच.

त्यामागं कारण दगडाचं आहे. जांभा सच्छिद्र. खाणीतून निघताना तो इतका मऊ असतो की चिरा हत्यारानं सहज तासता येतो, नंतर हवा लागून घट्ट होतो; पण घट्ट झाला तरी त्याची भोकं काही बुजत नाहीत. खाली ओल असली की तो ती वर ओढतो. शिवाय जुन्या भिंतींचे आतले सांधे बहुतेक ठिकाणी मातीचे असतात आणि चुना फक्त दर्शनी बाजूला. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती दगडासारखी टणक असते, पण भिंतीच्या पोटात नळाचा एक सांधा ठिबकायला लागला की ती हळूहळू वाहून जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. दिसतं तेव्हा चिरा हलत असतो.

आता पाहुणा फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो ‘अटॅच्ड आहे का?’ हा प्रश्न रास्त आहे. रात्री दोन वाजता लहान मुलाला घेऊन परसात जायला कुणी तयार होणार नाही, आणि व्हावं तरी का? प्रश्न सोय द्यायची की नाही हा नाहीच, ती कुठं द्यायची हा आहे. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात घातक उत्तर म्हणजे खोलीचाच एक कोपरा भिंत घालून तोडणं. माजघरालगतच्या खोलीत असं केलं की न्हाणीच्या चारही भिंती घराच्या आतल्या. वाफ बाहेर जायला वाट नाही, सांडपाण्याचा पाइप जोत्याखालून काढावा लागतो, आणि जोतं फोडलं की घराच्या पायाशी पाण्याला कायमची वाट मिळते. टाइल कितीही उंच लावल्या तरी त्यामागची भिंत भिजतच असते. दोन-तीन पावसाळ्यांत पलीकडच्या बाजूला रंगाला फुगे येतात, मग लोणा म्हणजे क्षारांचा पांढरा थर, मग गिलाव्याचे पोपडे. तिथं बहुतेक वेळा देवघर तरी असतं नाही तर धान्याची कोठी.

योग्य जागा पडवी. पडवीचं छप्पर मुळातच खालचं आणि तिची बाहेरची भिंत उघड्यावर, त्यामुळं खिडकी मिळते, पाइप थेट बाहेर जातो आणि घराच्या मुख्य सांगाड्याला हात लागत नाही. खोलीतून पडवीत उघडणारं दार बहुतेक वेळा आधीच असतं. नसलं तर जुनी खिडकी खाली वाढवून दार करता येतं, कारण तिच्यावरची पाटई, म्हणजे वरचा भार पेलणारं आडवं लाकूड, जागेवर असते. नवं दार फोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. न्हाणीची नवी भिंत जुन्या भिंतीला चिकटवू नये. तिला स्वतःचा पाया द्यावा आणि दोन भिंतींत तीन-चार इंचांची मोकळी फट ठेवावी, वरून पत्र्याची पट्टी मारून झाकलेली आणि खालून हवा खेळती राहील अशी. गवंडी या फटीला नावं ठेवतात, उंदरांची भीती घालतात. खालच्या-वरच्या तोंडाला बारीक जाळी लावली की उंदीर येत नाहीत, आणि ही फट नसली तर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

जमिनीचा उतार ऐंशीला एक तरी हवा, म्हणजे आठ फुटांत सव्वा इंच. शौचालयाचा पाइप ११० मिलिमीटरचा, त्याला चाळीसला एक ते साठला एक उतार, आणि शक्यतो कोपरा नाहीच. वळण आलंच तर तिथं चेंबर. नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतली जाळीची सांडपाण्याची मोरी, वर्षातून चार वेळा उघडून केस काढावेच लागतात, तेव्हा तो कमोडच्या मागं दडवू नये. नळाचे पाइप भिंतीत खाच पाडून पुरायचे नाहीत, हा नियम मी सगळ्यांत कडक मानतो. जांभ्यात पाडलेली खाच म्हणजे तो चिरा कमकुवत करणं आणि पुढच्या गळतीला आडोसा देणं. पाइप उघडे चालू द्यावेत, भिंतीपासून बोटभर अंतरावर, पितळी किंवा साध्या क्लिपांवर. गळती झाली की त्याच दिवशी दिसते.

माडीवर न्हाणीघर नकोच. माडीची जमीन म्हणजे तुळया, त्यांवर कड्या आणि फळ्यांचा पाट. चार बाय सहा फुटांची न्हाणी फूटभर खोल घेऊन विटांच्या तुकड्यांनी भरली तर नुसतं भरावाचंच वजन टनाच्या वर जातं, टाइल, भिंती नि माणूस वेगळे. आणि तुळई मधोमध वाकून तुटण्याआधी तिचं भिंतीतलं टोक कुजतं. माडीवरच्या पाहुण्यांसाठी खालच्या पडवीत स्वतंत्र न्हाणीघर ठेवावं, जिन्याच्या पायथ्याशी, जिन्यावर रात्रभर मंद दिवा लावून, आणि त्या खोलीचं भाडं कमी घ्यावं. ‘माडीवरची खोली, न्हाणीघर खाली, फक्त तुमच्यासाठी’ असं स्पष्ट सांगितलं तर ती खोलीही भरते. तीच गोष्ट पाण्याच्या टाकीची. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. ती टाकी जुन्या भिंतीवर, पडवीच्या छपरावर किंवा माडीच्या कोपऱ्यात ठेवलेली दिसते तेव्हा काळजात चर्र होतं. तिला परसात वेगळा चौथरा नाही तर लोखंडी मांडणी करावी.

आता मुळात पाणी आहे किती, ते बघू. राष्ट्रीय बांधकाम संहिता घरातल्या माणसाला रोज १३५ लिटर आणि हॉटेलच्या खाटेमागं १८० लिटर धरते. बारा पाहुणे म्हणजे दिवसाला २,१६० लिटर. तीन मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळजवळ तेवढंच. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण कोकणात पाहुणे सगळ्यांत जास्त येतात ते मे महिन्यात, आंब्या-फणसांसाठी, आणि विहीर तळाला जाते तीही मे महिन्यातच. म्हणून खोल्यांची संख्या विहिरीवरून ठरवावी, खाटांवरून नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात सकाळी दोन फूट पाणी उपसून घ्यायचं, कठड्यावर खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत किती चढलं ते बघायचं. फूटभर चढलं तर घरच्यांचा वापर वजा करून आठ-नऊ पाहुण्यांच्या वर जाऊ नये. सहा खोल्यांची परवानगी हाती असली तरी.

त्याच विहिरीची दुसरी चिंता शोषखड्ड्याची. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब असावा असं सांगतात. जांभ्याच्या जमिनीत मला तेवढ्यानं समाधान होत नाही. जांभ्यातून पाणी भेगांवाटे झरझर धावतं, मातीत गाळून निघतं तसं तिथं निघत नाही. तेव्हा अंतर जमेल तेवढं वाढवावं, आणि जागा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही घेऊ नये. खालच्या शेजाऱ्याची विहीर कुठं आहे तेही पाहावं. वाडीत सगळ्यांचं पाणी एकाच उतारावरचं असतं. घरचे आणि पाहुणे मिळून वीस माणसं धरली तर टाकी आतून सुमारे २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.३ मीटर लागते, दोन कप्प्यांची, आणि ती वर्षातून एकदा उपसावी लागते. उपसा करणारी गाडी पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, येत नाही. तिचा नळ जिथवर पोचेल तिथंच टाकी हवी, हे खड्डा खणल्यावर सुचून उपयोग नाही.

आंघोळीचं पाणी मात्र शौचालयाच्या पाण्यात मिसळू नये. ते वेगळ्या पाटानं केळी, अळू, माड यांच्याकडं न्यावं, जसं आधी जायचं तसंच. त्यानं टाकीवरचा भार निम्म्याहून कमी होतो. स्वयंपाकघराच्या पाण्याला तेवढी चरबी पकडणारी छोटी कुंडी लावावी, नाही तर पाट तुपकट होऊन तुंबतो.

भिंतींबद्दल बोलायचं तर सिमेंटबद्दल बोलावंच लागेल. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि त्याच सुमारास गावोगाव घरं ‘पक्की’ करण्याची लाट आली. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा गिलावा चढला. भिंत गुळगुळीत झाली आणि घराचा श्वास बंद पडला. जांभ्यात जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून सावकाश बाहेर उडून जायची. सिमेंट तिला अडवतं. मग ती आणखी वर चढते, बरोबर क्षार नेते, आणि जिथं वाट मिळेल तिथं ते क्षार फुलून रंग उडवतात. त्यावर उपाय म्हणून पाणीरोधक रंग लावला की ओल अजून फूटभर वर.

हे निस्तरायचं तर घाई चालत नाही. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात, जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंतचा सिमेंटचा गिलावा खरवडून काढावा. छिन्नी आडवी धरावी. सरळ ठोकली तर चिऱ्याचा तुकडा बरोबर येतो. मग भिंत तशीच उघडी ठेवायची, होईल तर पुढच्या मेपर्यंत. पाहुण्यांना उघडा चिरा आवडतोच, त्यामुळं त्या हंगामाचं उत्पन्नही बुडत नाही. वाळलेल्या भिंतीवर रोज क्षारांची पांढरी पूड येते, ती कोरड्या ब्रशनं झाडून काढायची, पाण्यानं धुवायची नाही. धुतली की क्षार परत आत.

गिलाव्यासाठी चुना विरवून पाण्याखाली किमान पंधरा दिवस ठेवावा, तीन महिने ठेवता आला तर फार उत्तम. नीट न विरलेला खडा भिंतीवर गेल्यावर फुलतो आणि बारीक खळगे पाडतो. किनारपट्टीवर पूर्वी शिंपले भाजून चुना करत, घाटावर चुनखडीचा. तो बैलाच्या घाणीत मळला जाई आणि अशा घाणी अजून कितीतरी किल्ल्यांवर दिसतात. आज मिक्सर चालतो, पण मळणी कमी पडता कामा नये. एक भाग चुन्याला तीन भाग धुतलेली वाळू. न्हाणीच्या बाजूला वाळूतला एक भाग कमी करून त्याजागी विटांची सुरखी म्हणजे भुकटी घ्यावी, ओलीत ती चुन्याला घट्ट धरते. समुद्राची वाळू अजिबात नको. हिरडा नि गूळ भिजवलेलं पाणी घालायची जुनी रीत आहे आणि जाणते गवंडी ती पाळतात, पण प्रमाण वाढलं तर गिलावा लवकर आवळत नाही आणि मुंग्या लागतात. एका थराची जाडी बोटापेक्षा जास्त नको, दोन थरांत आठवडाभर तरी अंतर, आणि रोज दोनदा हलकं पाणी शिंपडून उन्हापासून आडोसा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड होतो, त्याला महिने लागतात. एप्रिलमध्ये काम काढून पंधरा मेला पाहुणे घ्यायचे असतील तर चुन्याच्या नादाला लागू नये. पुढच्या नोव्हेंबरची वाट बघावी.

छपराची गोष्ट सोपी, पण तिचा कंटाळा सगळ्यांना. मंगलोरी कौलं बासेल मिशननं १८६५ साली मंगळुरात करायला घेतली आणि किनाऱ्यानं वर पसरली. त्याआधीची नळीची कौलं अजून काही घरांच्या पडव्यांवर सापडतात. शंभर चौरस फुटांना सव्वाशे ते दीडशे मंगलोरी कौलं बसतात. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची खाच थोडी वेगळी, म्हणून एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या शेजारी नीट बसत नाही आणि त्या एका फटीतून अख्खा पावसाळा आत येतो. कौल उलटून त्याच्या पाठीवरचं नाव वाचावं, आणि गावात कुणी त्याच शिक्क्याचं छप्पर उतरवत असेल तर दोन-तीनशे कौलं आणून गोठ्यात रचून ठेवावीत. वानरं दरवर्षी पाच-पन्नास फोडतातच.

शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट रचणं, पूर्वी मेच्या शेवटी व्हायची. पाहुणे घेणाऱ्या घरात ती शिमग्यानंतर लगेच, एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकावी, नाही तर हंगामाच्या तोंडावर खोल्यांत माती पडते. कौलं उतरवलेली असतानाच वासे नि रिपा तपासून घ्याव्यात. तुळईच्या भिंतीतल्या टोकावर हातोडीनं टकटक करावी. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर पेचकस दाबून बघावा. तो अर्धा इंच सहज शिरला तर लाकूड गेलं. तेवढंच टोक कापून त्याच जातीच्या लाकडाचा तिरका जोड द्यावा. अख्खी तुळई बदलून लोखंडी घालण्याचा सल्ला हमखास मिळतो; खाऱ्या हवेत ते लोखंड गंजून फुगतं आणि चिरा फोडतं.

पाल पडते, धूळ पडते म्हणून खोलीला पीओपीचं छत मारणं ही छपराची सगळ्यांत मोठी हानी. गळती वर चालू राहते, खाली पत्ता नाही. कळतं तेव्हा वासे कुजलेले असतात. फळ्यांचा माळा करावा, त्यात माणूस वर जाईल एवढं झाकण ठेवावं, आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर टॉर्च घेऊन वर डोकावावं. अंधाऱ्या माजघरासाठी काचेची दोन कौलं पुरतात. वातानुकूलन कौलांखाली चालवणं म्हणजे गार हवा आकाशाला विकणं. फळ्यांच्या माळ्याखालच्या एखाद्या खोलीत ते शक्य आहे, पण त्यासाठी खिडक्यांच्या वरची झडपं बुजवू नयेत. उंच छत, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि चांगला पंखा एवढ्यावर डिसेंबर ते मार्च सुखात जातो. मेमध्ये उकडतं, आणि ते पाहुण्याला आधी सांगावं.

आणखी एक बदल कुणाच्या लक्षात येत नाही. चूल बंद झाली की छप्पर आजारी पडतं. रोजच्या धुरानं वासे काळे व्हायचे आणि त्यामुळंच त्यांना भुंगा लागत नसे, दमटपणाही टिकत नसे. गॅस आल्यावर ही राखण गेली. आठवड्यातून दोनदा चुलीवर पाणी तापवावं, पावसाळ्यात तर नक्कीच. पाहुण्यांना बंबाचं नाही तर चुलीवरचं ऊन पाणी मिळतं आणि वाशांना धूर. एरवी वाळवीच्या मातीच्या नळ्या जोत्यापासून वर चढतायत का ते महिन्याला एकदा बघणं, हे झाडू मारण्याइतकंच रोजचं काम समजावं.

विजेचं काम थोडक्यात. दोन किलोवॅटचे चार गीझर एकदम लागले तर आठ किलोवॅट, आणि जुन्या घराची मंजूर जोडणी त्याच्या जवळपासही नसते. सौर पाणीतापक किंवा गॅस गीझर न्हाणीबाहेर हवेशीर जागी लावून हा भार टाळावा. गॅस गीझर बंद न्हाणीत कधीही नको, त्यातून जीव जातात. अर्थिंग नवं, तीस मिलिअँपिअरचा गळती-रोधक ब्रेकर, आणि वायर लाकडी पट्टीतून किंवा उघड्या नळीतून. घरभर वाळलेलं सागवान नि फणस आहे, तेव्हा दर मजल्याला अग्निशामक नळकांडं हवं आणि खोल्यांत मेणबत्ती, उदबत्ती, मच्छरांची पेटती कॉइल चालणार नाही.

शेणानं सारवलेली जमीन ओटीवर आणि खळ्यात ठेवावी. खोल्यांत नको, चाकांच्या बॅगा ती एका फेरीत उकरतात. खोल्यांत तांबडा कोबा झकास दिसतो आणि पुसायला सोपा. दारं बुटकी असतात. ती उंच करू नयेत, चौकटीच्या वर एक दिवा लावावा. आडणा म्हणजे दाराचा लाकडी अडसर आणि कडी जागेवर असू द्या, पण पाहुण्याला आतून अंधारात उघडता येईल अशी एक साधी कडीही द्या.

परवान्यांत फार वेळ घालवत नाही, पण दोन गोष्टी टाळता येत नाहीत. राज्यात निवास व न्याहारी योजना आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या योजनेत एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. ही शेवटची अट मला सगळ्यांत शहाणी वाटते, कारण पावसात रात्री कौल सरकलं तर उठून बघणारं माणूस तिनंच घरात राहतं. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी. मात्र या सगळ्याच्या आधी सातबारा नि घरपत्रक काढून बघावं. घर बहुतेक वेळा चुलत्यांच्या, आत्यांच्या नावांसह सामाईक असतं. मुंबईच्या, बडोद्याच्या भाऊबंदांचं लेखी संमतीपत्र पहिला पाहुणा येण्यापूर्वी घ्यावं. धंदा चालायला लागल्यावर मागितलेली संमती महाग पडते.

हे सगळं कोकणापुरतंच आहे असं नाही. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतली घरं, सावंतवाडीचा राजवाडा, जिथं राजघराणं राहतं, दरबार हॉलमध्ये गंजिफा म्हणजे जुन्या खेळाचे गोल पत्ते रंगवले जातात आणि शेजारी पाहुण्यांच्या मोजक्या खोल्या आहेत, घाटावरचे चौसोपी वाडे, सगळीकडं पेच पाण्याचाच. वाड्याला चौक असतो आणि चौकाला निचऱ्याचं भुयारी गटार. ते गाळानं बुजलेलं असताना सोप्यात न्हाणीघरं काढली तर तळखड्यांवर, म्हणजे पायाच्या दगडांवर, उभे खांब खालून भिजतात. तिथं पहिला खर्च गटार उपसण्यावर करावा.

न्याहारीकडं येऊ. घावन पाहुण्याला हवं असतं आणि ते तव्यावरून थेट पानातच चांगलं लागतं. भिजवून वाटलेल्या तांदळाचं पीठ ताकाइतकं पातळ, बिडाचा तवा चांगला तापलेला, एका घावनाला अडीच मिनिटं. बारा माणसं, प्रत्येकी तीन, म्हणजे एका तव्यावर दीड तास. म्हणून दोन तवे, आणि पाहुण्यांना साडेआठ नि सव्वानऊ अशा दोन पंगती आधीच वाटून द्याव्यात. घर पूर्ण भरलेलं असेल त्या दिवशी आंबोळी नि काळ्या वाटाण्याची उसळ सोयीची. तीन भाग तांदूळ, एक भाग उडीद, थोडी मेथी, मेमध्ये आठ तासांत पीठ येतं, जानेवारीत चुलीशेजारी ठेवूनही बारा लागतात. दडपे पोहे नेहमी तयार असावेत, कारण कुणीतरी सहाच्या बोटीसाठी पाचला निघणार असतो.

वर्षाचं गणित मांडताना चार दिवस पहिल्यांदा खोडून टाकायचे. गणपतीत घर घरच्यांचं. चाकरमानी येणार, माजघरात अंथरुणं पडणार, त्या दिवसांचं आरक्षण कितीही भाडं देणाऱ्याला नाकारावं. शिमग्यात पालखी ओटीवर येते त्या दिवशीही. घरात सुतक पडलं तर पैसे परत आणि शेजारच्या वाडीत सोय, हे आधीच शेजाऱ्याशी बोलून ठेवावं. जून ते ऑगस्ट पाहुणे घ्यायचेच तर निम्म्या खोल्यांत. उरलेल्या खोल्यांची दारं-खिडक्या उघडझाप करत, गाद्या उभ्या ठेवत, कोरड्या राखायच्या.

आणि आरक्षण घेतानाच पाहुण्याला चार ओळी लिहून पाठवाव्यात : जिना लाकडी आणि उभा आहे, गुडघेदुखी असेल तर खालची खोली मागा, न्हाणीघर पडवीत आहे, दार खोलीतूनच उघडतं, पावसात वीज जाते, टॉर्च उशाशी ठेवलेला असतो, मे महिन्यात पाणी जपून वापरावं लागतं, बादली नि तांब्या दिला आहे, शॉवर नाही. हे वाचून जे येत नाहीत ते न आलेलेच बरे. जे येतात त्यांच्या भाड्यातला पाचवा हिस्सा दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकावा, शाकारणी, चुना नि टाकीच्या उपशासाठी, आणि घरातल्या लग्नासाठीसुद्धा त्याला हात लावू नये.